तळाची खरवड

दुपारचं ऊन ओट्यावरून उतरून फरशीवर आलं, की काळेवाडीतल्या आमच्या घरात पातेल्याच्या तळावर उलथनं घासल्याचा आवाज उमटायचा. त्या कर्कश, तरीही परिचयानं मधुर झालेल्या नादाचा अर्थ एकच होता: घरातली सगळी जेवली, आता आई जेवते आहे. जेवते म्हणणंही जरा अतिशयोक्तीचंच. उभ्या-उभ्या पातेलं कलतं करून तळाला धरलेली खरवड ती निपटून घ्यायची आणि वर चेहरा असा प्रसन्न, की जणू पंचपक्वान्नांचं ताट पुढे ठेवून तिला कुणी आग्रहच करत होतं.

आई म्हणजे नुसती काडी. हसू मात्र ऐसपैस, चार घरं पलीकडे ऐकू जाईल असं. चाकणच्या कंपनीतून निवृत्त झालेले माझे वडील, अण्णा, तिला अजूनही चिडवतात, वारं सुटलं की खांबाला धरून उभी राहा म्हणून. एवढ्या सडसडीत बाईच्या रक्तात साखर सापडली तेव्हा सगळे चकित झाले. तीच तेवढी झाली नाही. “जल्मभर गोड बोलले, साठली आसंल,” म्हणाली आणि स्वतःच खळखळून हसली.

ते हसू थांबलेलं मी एकदाच पाहिलं. सातव्या महिन्यात मी पिंपळे सौदागरहून माहेरी आले आणि तपासणीत माझ्याही रक्तात साखर निघाली. पोटातल्या जिवाला काही होईल का, एवढंच मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले. पिंपरीच्या दवाखान्यात आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळत डॉक्टरीणबाईंना विचारलं, “माज्याकडनं लेकीला गेलं व्हय हे?”

बाईंनी उत्तर देण्याआधी तिच्या जन्माची चौकशी केली. आईनं सांगितलं, बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची, आई तिच्या पोटात होती, आणि कामावर खायला मिळणाऱ्या सरकारी सुकडीतला अर्धा वाटा आजी थोरल्या मुलांसाठी पदरात बांधून आणायची. बाई शांतपणे सांगू लागल्या: जनुकं बदलत नाहीत, पण उपासमार, ताण, जागरणं त्यांच्यावर खुणा ठेवू शकतात, कोणतं जनुक बोलेल आणि कोणतं मुकं राहील, हे त्या खुणांवरही ठरतं. गर्भातच उपाशी राहिलेलं शरीर काटकसर शिकतं आणि पुढे पोटभर मिळू लागलं की तीच काटकसर त्याला आजारी पाडू शकते. नातीपर्यंत यातलं किती पोचतं, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. “पण यात तुमचा काही दोष नाही, मावशी. आणि सगळ्याच खुणा काही दगडावरच्या नसतात. लेकीला वेळेवर जेवू द्या, जेवल्यावर चालवा.”

“म्हंजी आजून आपल्या हातात हाय,” आई म्हणाली, आणि दवाखान्याच्या पायऱ्या माझ्याआधी उतरली.

दुसऱ्याच दुपारी तिनं सगळ्यांत आधी माझं ताट वाढलं. मी हात मागे घेतला. तूही बसलीस तरच जेवेन, म्हटलं. “बाईमानूस आधी जेवलं तर घराला बरकत ऱ्हात न्हाई,” ती कुरकुरली. मग अण्णाच उठले, तिच्या हातातला डाव घेतला आणि म्हणाले, “बस गं. बरकतीचं मी बघतो.” आई संकोचून मांडी घालून बसली. पहिला घास तोंडात घालताना तिनं नवीन नवरीसारखी मान खाली घातली होती, आणि मी आनंदानं भाकरी मोडली. मग रोज जेवण झालं की ती माझा हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत न्यायची. बोलण्याच्या नादात ती पुढेच निघायची, मग मीच तिला परत ओढून आणायची.

मुलगी झाली. तिची साखर तपासली, माझीही पुन्हा तपासली. दोन्ही जागच्या जागी. बाळाला कुशीत घेऊन आई एवढ्या मोठ्यानं हसली, की शेजारच्या खाटेवरची बाळंतीणही हसू लागली.

बारशाच्या दुपारी आम्ही दोघी पहिल्या पंगतीला बसलो होतो, आणि स्वयंपाकघरातून तो जुना आवाज आला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. डोकावून पाहिलं तर अण्णा पातेलं कलतं करून खरवड खात होते, चोरी पकडल्यासारखे ओशाळलेले. “आगं, हेच्यात एवढी चव हाय, आन तू जल्मभर एकटीच खात हुतीस व्हय?” ते म्हणाले.

आजीला मी पाहिलेलं नाही, तिची तसबीरही नाही. आमच्याकडे उरली ती तिची भूक. काळ माणसं घेऊन जातो, त्यांची भूक मागे राहते. मग एखाद्या दुपारी त्या भुकेलाही कुणी आधी ताट वाढतं, आणि ती पोटभर जेवून, हात धुऊन, आपल्या वाटेनं निघून जाते.