कानाशी धरलेलं अंडं

"अहो, अंड्यांना आतून टोचे पडलेत! आधी आपली लाइन जोडा!" वायरमनची बायको वाऱ्याच्या वरताण ओरडली.

खांद्यावर शिडी घेऊन वायरमन तिठ्यावर उभा होता. वादळाने दोन्हीकडच्या तारा तोडल्या होत्या. पहिली तक्रार वरच्या आळीची, आणि ज्याची तक्रार आधी त्याची लाइन आधी, हा त्याचा नोकरीभराचा नेम. वरच्या आळीत आत्याबाई राहायच्या. साऱ्या जगाच्या आत्याबाई. त्यांच्याही उबवणीच्या विजेच्या पेटीत अंडी होती, पिल्लं त्याच दिवशी निघायची होती. याच्या घरातली अंडीसुद्धा त्यांच्याच कोंबड्यांची. वीज गेली की पेटी गार पडते आणि पिल्लू कवचातच संपतं, हे त्यांनीच शिकवलं होतं.

पाच मिनिटांचं तर काम, असं स्वतःला समजावत तो घराकडे वळला. तार जोडून खाली उतरला, तोवर वाऱ्याने पुन्हा उचल खाल्ली. वरच्या आळीत वीज आली ती थेट सकाळी.

घरात चिवचिवाट नुसता. बायको हरखून गेली होती. त्याला मात्र चहा गोड लागेना. तो खोक्यात पिल्लं भरायला लागला.

"एवढी?" बायको म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडे बघून तिने स्वतःच आणखी दोन घातली.

"अरे, मला कशाला?" खोकं बघून आत्याबाई म्हणाल्या. "माझी निघतीलच की आता. रात्रभर पेटीला गोधडी लपेटून बसले होते."

"आत्या, तुमची लाइन..." तो जरा मोठ्याने म्हणाला. त्यांना कमी ऐकू यायचं.

"लाइन आली ना! वादळापुढे तू तरी काय करणार, बाबा? उजाडल्या उजाडल्या खांबावर चढलास. तुझ्या हाताला यश आहे."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी पेटीतलं एक अंडं उचललं. कवचाला एक बारीक टोचा होता, त्यापुढे काही नाही. "आतून चिवचिव येते बघ. मला मेलीला कुठलं ऐकू यायला! तू ऐक."

त्याने अंडं कानाशी धरलं. ते आता चांगलं कोमट होतं. खोक्यातली पिल्लं ओरडत होती, म्हणून त्याने दुसऱ्या कानात बोट घातलं.

"नाही येत, आत्या," तो म्हणाला. मग अंड्याकडे बघतच पुटपुटला, "काल मी आधी माझीच लाइन जोडली."

आत्याबाईंना ऐकू गेलं नाही. त्यांनी दुसरं अंडं हलकेच पुसून त्याच्यापुढे धरलं.

"आता हे ऐक."