दोन थेंब औषध

"पण यातून काही निघताना दिसत नाही," पाणीवाले म्हणाले. "मग हे चालू आहे हे माणसाला कळायचं कसं?"

दुकानदाराने तिसऱ्यांदा तेच सांगायला सुरुवात केली. त्याच्या टेबलावर तीन ह्युमिडिफायर, म्हणजे खोलीतली हवा ओलसर करणारी यंत्रं, मांडलेले होते. "काका, हे वातीचं आहे. जाड वात पाणी शोषून घेते, पंखा त्या ओल्या वातीतून हवा फिरवतो. पाणी हवेत जातं, फक्त दिसत नाही. हे दुसरं पाणी उकळतं, म्हणजे जपून ठेवावं लागतं, हात पोळायचा. आणि हे तिसरं धुकं सोडतं."

त्याने तिसऱ्याची कळ दाबली. नळीच्या तोंडातून पांढरं, गार धुकं उठलं आणि टेबलाच्या कडेवरून सावकाश खाली ओघळलं. पाणीवाल्यांनी हात पुढे केला. बोटं ओली झाली नाहीत, पण गार पडली. पाण्यात उभा जन्म गेलेल्या त्या माणसाचा चेहरा जत्रेतल्या पोरासारखा झाला.

"हेच द्या," ते म्हणाले. "पाणी जाताना दिसलं पाहिजे."

चौतीस वर्षं ते शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रावर होते. नदीचं गढूळ पाणी यायचं, तुरटीने निवळायचं, वाळूतून गाळलं जायचं आणि अगदी शेवटी, शहराकडे निघण्याआधी, त्यात औषध पडायचं. औषध म्हणजे क्लोरीन. ते मोजून सोडणं हे पाणीवाल्यांचं काम. या कामात त्यांनी कधी हयगय केली नाही, तापाने फणफणत असतानासुद्धा नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लोक त्यांना पाणीवाले म्हणूनच ओळखत, आणि त्यांनाही ते आवडे.

"एक लक्षात ठेवा," दुकानदार खोकं बांधताना म्हणाला. "पाणी उकळून गार केलेलं घाला. रोज ओतून टाका, रोज धुवा. आणि त्यात दुसरं काहीही घालायचं नाही. अत्तर नको, बाम नको, काही नको."

"पाण्याचं मला सांगू नका," पाणीवाले हसून म्हणाले आणि खोकं छातीशी धरून निघाले.

घरी बाई वाट बघत होत्या. बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत शिकवून शिकवून त्या साऱ्या गल्लीच्या बाई झाल्या होत्या. पावसाळ्यात त्यांच्या घशात गाठ निघाली. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. आता मानेच्या खळगीत एक कायमचं भोक होतं आणि श्वास तिथूनच यायचा-जायचा. बोलणं पाटीवर. थंडी पडली, हवा कोरडी झाली, आणि आतला कफ सुकून त्याच्या खपल्या धरू लागल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, खोलीतली हवा ओलसर ठेवा, नाहीतर छाती बिघडेल आणि पुन्हा दाखल करावं लागेल. त्यावर बाईंनी पाटीवर लिहिलं होतं, "परत तिथे नाही." मग त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. वर्गात ज्याची गय करायची नाही त्याच्या वहीत त्या तशाच दोन रेघा ओढत असत.

यंत्र खिडकीजवळ बसलं. सकाळचं ऊन आत आलं तेव्हा धुक्याचा एकेक कण वेगळा दिसू लागला. हजारो कण चमकत वर जात होते आणि हातभर उंचीवर नाहीसे होत होते. पाणीवाले खुर्ची ओढून बसून राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी पाणी नळातून, नाल्यातून, पाटातून नेलं होतं. पाण्याला हवेत विरताना ते पहिल्यांदाच बघत होते.

"अगं, बघ तरी! पाइपशिवाय पाणीपुरवठा!"

बाई हसल्या. आवाज नसलेल्या त्या हसण्याची पाणीवाल्यांना अजून सवय झाली नव्हती.

देखभालीला तर त्यांचा हात कोण धरणार? रोज सकाळी टाकी रिकामी करायची, मऊ ब्रशने घासायची, फडक्यावर पालथी घालायची, कोरडी झाली की भरायची. टाकीचा कोपरा बोटाने चाचपून बघायचा, बुळबुळीत लागतोय का. फक्त एका गोष्टीवर त्यांचं मन अडून बसलं. दिवसभर साठून राहणारं पाणी, थेट बायकोच्या छातीत जाणार, आणि त्यात औषध नाही? शहरातल्या अनोळखी माणसालासुद्धा त्यांनी कधी बिनऔषधाचं पाणी दिलं नव्हतं. फळीवर क्लोरीनची छोटी बाटली होती. त्यांनी ड्रॉपरने दोन थेंब मोजून टाकले, झाकण लावलं आणि निर्धास्त झाले.

चौथ्या दिवशी बाईंचा खोकला वाढला. सहाव्या दिवशी भोकाची कड लाल झाली आणि त्या बसल्या जागी धापा टाकू लागल्या. पाणीवाल्यांनी फोन केला, तेव्हा घरी येणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "सोमवारी येऊन बघते. असंच राहिलं तर मात्र दाखल करावं लागेल हं." पाणीवाल्यांनी डोकं चालवलं. जंतू असणार, दुसरं काय? त्यांनी तिसरा थेंब टाकला आणि धुक्याची कळ पूर्ण फिरवली.

रविवारी परगावी राहणारी लेक आली. बॅग हातातच होती, आणि ती उंबऱ्यात थबकली.

"बाबा, तुम्ही परत केंद्रावर जायला लागलात?"

"मी? वेड लागलंय का तुला? आत ये."

"मग घरात तुमच्या शर्टाचा वास का येतोय?"

पाणीवाल्यांना काही कळेना. लेक मात्र वासामागे निघाली. लहानपणी बाबा कामावरून आले की ती त्यांच्या खांद्यात नाक खुपसून हाच वास घ्यायची. तिच्या लेखी बाप घरी आल्याचा तो वास होता. ती खिडकीपाशी गेली, धुक्यावर वाकली आणि झटकन मागे झाली. तिचे डोळे पाण्याने भरले. तिने यंत्राचं बटण बंद केलं, दोन्ही खिडक्या सताड उघडल्या.

"यात काय घालता?"

"औषध. तीनच थेंब."

"बाबा! तुम्हाला वास येत नाही?"

पाणीवाल्यांनी टाकी उचलून नाकाशी धरली. काही नाही. चौतीस वर्षांत त्या वासाचं त्यांच्या नाकाला काही वाटेनासं झालं होतं, आणि कधी वाटेनासं झालं हेही त्यांना कळलं नव्हतं. बाईंचा श्वास तर नाकाने जातच नव्हता. त्या घरात दोन नाकं होती आणि एकालाही पत्ता लागला नव्हता.

"अगं, पण साऱ्या शहराला मी हेच..."

"शहर पितं, बाबा. आई श्वासात घेतेय."

पाणीवाले मटकन खुर्चीत बसले. हात गुडघ्यांवर पालथे पडले होते. आयुष्यात ज्या एका गोष्टीत त्यांची चूक निघाली नव्हती तीच त्यांनी बायकोच्या छातीत रोज सकाळी मोजून घातली होती. त्यांना बाईंकडे बघवेना.

"माझ्यामुळे झालं गं," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "मीच."

पाटीवर खडू वाजला. बाईंनी पाटी त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. "सगळ्या शहराला मापात, आणि मला एक थेंब जास्त. एवढे लाड नकोत."

लेक खो खो हसली. पाणीवाले हसले नाहीत. त्यांनी ती पाटी बराच वेळ पुसू दिली नाही.

सोमवारी सिस्टर आल्या. त्यांनी छाती तपासली, घडलेलं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "आज नेत नाही. चार दिवस बघू. पण हवा ओलीच हवी, आणि साध्या पाण्याने. काका, हे सगळं आधी त्यांचं नाक करत होतं. बाहेरची हवा आत जाता जाता गरम करायची, ओली करायची. दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी लागतं त्याला."

"अर्धा लिटर?" पाणीवाल्यांनी मान वर केली. "रोज?"

"रोज."

"विजेशिवाय?"

"विजेशिवाय. आणि आवाजही न करता."

"काहींचं आवाज करतं," लेक बाबांकडे बघत म्हणाली. बाईंनी जोरजोराने मान डोलावली.

दुपारी पाणीवाले यंत्र बदलायला निघाले. रस्त्यात त्यांना दुसरं काही दिसेचना. बस थांब्यावर उभे असलेले कारकून, भाजी निवडणारी बाई, मोटारीखालून अर्धा बाहेर आलेला मेकॅनिक, गाडीत झोपलेलं तान्हं बाळ. प्रत्येकाच्या तोंडावर मधोमध एक चालू केंद्र, रात्रंदिवस, एका पाळीचीही सुट्टी नाही. त्यांच्या केंद्रावर पंप होते, टाक्या होत्या, बावीस माणसं होती, तरी दर महिन्याला काही ना काही बंद पडायचंच. आणि इथे बाईंच्या नाकाने साठ वर्षं बिनबोभाट पाणी भरलं होतं. ते थांबलं तेव्हा कुठे त्यांना कळलं की ते चालू होतं. एका नाक शिंकरणाऱ्या गृहस्थाकडे ते इतक्या आदराने बघत राहिले, की तो बिचारा ओशाळून वळला.

दुकानदाराने कुरकुर करत यंत्र बदलून दिलं. या वेळी त्यांनी वातीचं घेतलं. त्यातून खरोखरच काही दिसत नव्हतं. नुसता पंख्याचा बारीक आवाज. क्लोरीनची बाटली लेकीने जाताना बरोबर नेली, तरी दुसऱ्या सकाळी टाकी भरताना पाणीवाल्यांचा हात फळीकडे गेलाच. तो त्यांनी तिथूनच परत घेतला. उकळून गार केलेलं साधं पाणी त्यांनी टाकीत ओतलं, आणि ते ओतताना त्यांना भीती वाटली हे खरं.

तिसऱ्या सकाळी टाकी निम्मी झालेली होती. जमीन कोरडी, खिडकीची काच कोरडी. पाणी कुठे गेलं? त्यांनी हवेतून हात फिरवला. हाताला काही लागलं नाही. पण रात्रभर बाई खोकल्या नव्हत्या.

पाचव्या दिवशी दुपारी ते नेहमीसारखे भोकाची कड पुसायला बसले. चष्मा लावला, डाव्या हातात टॉर्च धरला आणि वाकले. कडेची लाली उतरली होती. खपली कुठे नव्हती. आत ओलसर गुलाबी कातडी टॉर्चच्या उजेडात चकाकत होती. एवढ्या जवळून त्यांनी कुणाचा श्वास कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात बाईंनी श्वास सोडला आणि दोन्ही काचा एकदम पांढऱ्या झाल्या.

पाणीवाल्यांना टॉर्च दिसेना, बाई दिसेनात, काही दिसेना. पस्तीस वर्षं याच श्वासातून 'अहो' अशी हाक येत आली होती. आता त्यात हाक नव्हती, नुसती ऊब होती आणि ओल होती. काचांच्या कडा हळूहळू मोकळ्या होऊ लागल्या, तेवढ्यात पुढचा श्वास आला आणि त्या पुन्हा भरून गेल्या.

बाईंनी चष्मा पुसायला हात पुढे केला. त्यांनी तो अलगद धरून ठेवला.

"आलं," ते हलकेच म्हणाले. कोरड्या नळाला पाणी आल्यावर घराघरातून म्हणतात, तसंच. "पाणी आलं गं."