रांगती

डॉक्टरांनी कुलूप काढलं, अंदाजानेच वेटिंग रूम ओलांडली आणि फिशटँकच्या झाकणावर हात फिरवला. चष्मा तिथेच होता. तो नसल्यामुळे आज सकाळी त्यांनी ब्रशवर दाढीचं क्रीम घेतलं होतं. दातांच्या डॉक्टरने ही गोष्ट कुणाला सांगू नये असं ठरवून ते पावणेआठलाच दवाखान्यात आले होते. एरवी साडेनऊला येत.

पाण्यावर काहीतरी तरंगत होतं. चष्म्याआधी वाटलं, मासा मेला. चष्मा लावल्यावर दिसलं, मासे ठणठणीत आहेत. काल संध्याकाळी त्यांनी वाळूत सत्तावीस देठं लावली होती. त्यातली तेवीस वर येऊन आडवी पडली होती.

पहिला संशय माशांवर गेला. एकूण अकरा. त्यातले दहा बोटाच्या पेराएवढे. अकरावा तळाशी बसणारा, मिशीवाला. पण त्याने नऊ वर्षांत जागेवरून उठून कुणाचं काही बिघडवल्याचं ऐकिवात नव्हतं.

ही वनस्पती तीसेक वर्षांपूर्वी जॅमच्या बाटलीतून आली होती. शाळेतल्या शास्त्राच्या मास्तरांनी ती आणली, दाढ काढून घेतली आणि जाताना त्याच बाटलीतून दाढ घरी नेली. टँकमध्ये पुढे बुटकं गवत आहे, मागे उंच झाडं आहेत, मधला भाग नुसता भकास. तिथे ही लावा, म्हणाले. तिचं पुस्तकी नाव त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, ती चिठ्ठी पाण्यात पडली. मग डॉक्टरांच्या बायकोने तिला 'रांगती' म्हणायला सुरुवात केली, कारण घरात तेव्हा मुलगी रांगत होती. मुलगी चालायला लागली, धावायला लागली, दातांचीच डॉक्टर होऊन नदीपलीकडे स्वतःचा दवाखाना थाटून बसली. नाव ठेवणारी गेली, त्यालाही सहा वर्षं झाली. ही मात्र अजून रांगतच होती.

तिला खरी हौस वर जायची. उजेड कमी पडला की मान काढते. शेंडे छाटले की हट्ट सोडते, बाजूंनी फुटते आणि वाळूला बिलगून पसरते. छाटलेला शेंडा फेकायचा नसतो. त्याची खालची पानं काढायची, देठ लांब चिमट्यात धरून वाळूत तिरकं खुपसायचं आणि चिमटा सैल करताना हात दगडासारखा ठेवायचा. जरा हलला की देठ चिमट्यामागोमाग वर येतं. डॉक्टर दर दीड महिन्याने छाटणी करत. चिमटा दातांच्या हत्यारांबरोबर उकळून घेत, त्यामुळे रांगतीला आजवर कसलाही संसर्ग झाला नव्हता.

त्यांनी पंप बंद केला, बाही कोपराच्या वर सारली आणि एक देठ खुपसलं. ते वर आलं. दुसरंही आलं. पाचव्या वेळी त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तेव्हा दोन्ही बाह्या भिजल्या. पंप बंद होता, तरी पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या.

हात हलतो हे त्यांना ठाऊक होतं. पण प्रत्येक छाटणीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मधली रांग जागच्या जागी दिसे. म्हणजे हलणं किरकोळ आहे, असा त्यांनी निकाल लावला होता. आज अकरा वाजता पोस्टमास्तर यायचे होते. त्यांची खालची अक्कलदाढ, आडवी, शिरेला खेटून.

जिन्यात चप्पल वाजली. डॉक्टरांनी चिमटा जागेवर ठेवला आणि ते वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, स्वतःच्याच दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीच्या दाराआड लपले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बाई आत आल्या. सव्वीस वर्षं त्या डॉक्टरांच्या मदतनीस होत्या. त्यांनी पिशवी टेकवली, मनगटावरचं घड्याळ काढलं, स्टूल ओढलं आणि तरंगणारी देठं एकेक करून लावायला घेतली. भाजी निवडावी तशी. डॉक्टरांची रांग नेहमी उजवीकडे किंचित कललेली असे. बाईही तशीच लावत होत्या. मध्येच एक देठ फार सरळ उभं राहिलं, तर त्यांनी ते उपटून पुन्हा वाकडं लावलं.

तेविसावं लागल्यावर त्यांनी हात पुसले.

"डॉक्टर, या बाहेर," त्या मागे न वळता म्हणाल्या. "आणि बाह्या पिळून या. फरशीवर तळं केलंय."

डॉक्टर आले. बाह्या पिळल्या नव्हत्या.

"कधीपासून?"

"ही नववी छाटणी."

डॉक्टर पेशंटच्या खुर्चीवर बसले. वर्षभराच्या वर झालं होतं. या वर्षभरात दवाखान्यात एकही अवघड दाढ आली नव्हती. आपण वीस वर्षं घासायला शिकवलं, त्याचं हे फळ, असं त्यांनी दंतवैद्यांच्या सभेत सांगितलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बाईंनीही तेव्हा मान डोलावली होती. त्या सगळ्या दाढा गेल्या कुठे, असं त्यांनी आता विचारलं. ताईंकडे, नदीपलीकडे, बाई म्हणाल्या. ताईंना वाटतं, बाबाच पाठवतात.

"पोस्टमास्तर कसे राहिले?"

"ऐकत नाहीत. डॉक्टर परगावी गेलेत म्हटलं, तर म्हणाले, आत्ताच बँकेच्या रांगेत माझ्या पुढे उभे होते." बाईंनी घड्याळ पुन्हा बांधायला घेतलं, पण त्याचा पट्टा लागेना. "आज अकराला काय करायचं, ते मला सुचत नव्हतं."

डॉक्टर टँककडे बघत राहिले. मिशीवाला मासा जागचा हलला नव्हता. नवी देठं उजवीकडे कलून उभी होती. कुणीही म्हटलं असतं, डॉक्टरांनीच लावली.

मग ते उठले आणि टेबलावरचा फोन जवळ ओढला. नंबर फिरवताना एकदा चुकला. बाई पुढे झाल्या नाहीत. त्यांनी फडकं घेतलं आणि त्या खाली बसून फरशी पुसायला लागल्या.

आधी डॉक्टर हवेबद्दल बोलले. मग पोस्टमास्तरांच्या गुडघ्याबद्दल. मग थांबले.

"दाढ मी काढणार नाही," ते म्हणाले. "माझा हात हलतो."

पलीकडून पोस्टमास्तर सलग बोलत असावेत, कारण डॉक्टर नुसते हं हं करत होते. एकदा ते हसले. फोन ठेवल्यावर त्यांनी तो उगाचच सरळ केला.

"काय म्हणाले?" बाईंनी खालूनच विचारलं.

"उद्या मुलीकडे जातील. मी बरोबर यायचं, अशी अट आहे." डॉक्टर आता एक एक करून बाह्या पिळत होते. "पण आजचे अकरा त्यांनी राखून ठेवलेत. येणारच म्हणाले."

बाई उठल्या. वेळांची वही उघडून त्यांनी अकराच्या ओळीतलं 'अक्कलदाढ' खोडलं. नाव तसंच राहू दिलं.