दंडारीतल्या हमाल्याचा दुपट्टा

जुना झालोय मी. विरलोय, पण माझ्या चिंध्या झाल्या नाहीत अजून. मी दुपट्टा आहे. बायकांच्या ड्रेसवरचा नाही, मित्रांनो. आमच्या झाडीपट्टीत गडीमाणसं खांद्यावर टाकतात तो. सुती, लाल-पांढऱ्या चौकड्यांचा.

तुमच्या पुस्तकात छत्री बोलते, शाळेचा बाक बोलतो. सगळे कसे गोड बोलतात. माझ्याकडून तेवढं होणार नाही. मी रागात आहे. आणि राग आला की गावची बोली मधेच घुसते, तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म कुठल्या तरी लांबच्या शहरात मागावर झाला. त्यातलं खडखडीशिवाय काही आठवत नाही. खरा जन्म ब्रह्मपुरीच्या बाजारातला. तिथं लच्छूनं मला उचललं, दोन्ही टोकं धरून ताणलं आणि उन्हासमोर धरून पाहिलं.

"पातळ नाई ना गा? पोत्याखाली टिकला पायजे."

"तू टिकला तं हा बी टिकन," दुकानदार म्हणाला.

लच्छू हसला आणि मला खांद्यावर टाकलं. तेव्हापासून मी त्याचा.

लच्छू राइस मिलमध्ये हमाल. ब्रह्मपुरीजवळच्या खेड्यात आई आणि तो, दोघंच राहतात. सकाळी तो मिलवर गेला की माझी ड्यूटी सुरू. पोतं उचलायचं तर मी घडी होऊन डोक्यावर. कोंडा उडायला लागला की मी नाकातोंडावर. जेवताना मी खाली अंथरलेला, उन्हात कानाभोवती गुंडाळलेला. घाम तर माझ्यात इतका मुरलाय की तो माझाच वाटतो.

आता एक गोष्ट नीट ऐका. मिलमध्ये मशीन चालू असते. हळू बोललेलं बाजूच्या माणसाला ऐकू येत नाही. म्हणून हमाल मोठ्यानं बोलतात. दिवसभर मोठ्यानं बोललेला माणूस बाहेर आला तरी मोठ्यानंच बोलतो. बस, एवढंच आहे ते. पण चहाटपरीवरचे लोक म्हणतात, "पाह्य कसा खेकसते, हमाल कुठचा!"

लच्छू देवमाणूस वगैरे नाही. सुपारी-तंबाखूचा खर्रा खातो. पोत्याला शिव्या देतो, पोतं ऐकत नाही म्हणून. पण दारूला त्यानं कधी हात लावला नाही. मी त्याच्या तोंडाशी असतो दिवसभर, मला वास आला नसता का?

एकदा पोतं ओढायच्या हुकात मी अडकलो आणि फाटलो. लच्छूची आई रुखमाबाई, तिनं आपल्या जुन्या लुगड्याचं हिरवं ठिगळ मला लावलं. लाल चौकडीवर हिरवं! मला लाजच वाटली. मग सवय झाली.

हेच ठिगळ लावून मी लच्छूसोबत नागभीडकडं पोरगी पाहायला गेलो. पोरीचं नाव खुशबू. तिचा बाप रामाजी, धानाची थोडी शेती आणि बाकी मजुरी. रामाजीला एकच भीती. त्याची मोठी पोरगी दारुड्याच्या घरात दिली होती. मार खाऊन परत आली, आता घरीच असते. म्हणून बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "दारू पेते का पोट्टा?"

"नाई," रुखमाबाई म्हणाली.

"सारेच नाई म्हणतेत, बाई."

तेवढ्यात चुलीवर चहा उतू गेला. खुशबू इकडं तिकडं फडकं शोधून राहिली होती. लच्छू उठला, मला हाताला गुंडाळलं आणि चहाचा गंज, म्हणजे पातेलं, खाली उतरवला. खुशबूचं लक्ष ठिगळाकडं.

"दुपट्ट्याले खिडकी काऊन बसवली?"

"हवा लागते ना त्याले," लच्छू म्हणाला. मोठ्यानं. सगळे हसले. रामाजीसुद्धा.

ते हसू मला चालतं, मित्रांनो. त्यात कोणी लहान होत नव्हतं.

रामाजी म्हणाला, "मंडईले येतो तुमच्या गावाले. घर पाहतो. मंग बोलू."

दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, शिंगाडे, ऊस, जिलबी. दुपारी दंडार होते, ढोलकी आणि नाच आणि मधे मधे सोंगं. घराघरात पाहुणे येतात आणि सोयरिकीही तिथंच ठरतात. त्याची एक रीत आहे. पाहुण्यांना स्थळ पसंत असलं तर ते जेवतात. नसलं तर चहावरच उठतात. तोंडानं कोणी नाही म्हणत नाही. ताट रिकामं राहिलं की समजून जायचं.

मंडईच्या आदल्या दिवशी प्रफुल घरी आला. लच्छूच्या वर्गातला, शेजारचाच. मोबाइलवर विनोदी व्हिडिओ टाकतो, पंचक्रोशीत नाव आहे. दंडारीत सोंग त्याचंच असते.

"लच्छ्या, तुया दुपट्टा दे ना बे. यंदा कामगाराचं पात्र करून राह्यलो."

"कामगाराचं?" लच्छूचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "म्हंजे आपल्या हमालाचं?"

"हो ना. मेन रोल."

दंडारीसाठी घरातली वस्तू मागितली तर आमच्याकडं मान समजतात. आणि जुनी-मळकी देत नाहीत, धुऊन देतात. रुखमाबाईनं मला साबणानं घासलं, भाताच्या पेजेत बुडवलं, उन्हात वाळवलं. मी कडक झालो. असा कडक मी दुकानातही नव्हतो. लच्छूनं घडी करून मला प्रफुलच्या हातात दिलं.

"नीट वापर गा. पाहुणे येऊन राह्यले उद्या. त्यायले बी दाखवतो, माया दुपट्टा स्टेजवर आहे म्हून."

ही चूक. पण याला चूक तरी कसं म्हणू? आपल्यासारख्या माणसाचं पात्र आहे म्हटल्यावर ते चांगलंच असेल असं त्याला वाटलं. दुसरं काही त्याच्या डोक्यात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढोलकी वाजली. मी प्रफुलच्या गळ्यात. तो काय घालून आला माहीत आहे? पट्ट्यापट्ट्याची चड्डी, नाडा गुडघ्यापर्यंत लोंबणारा. भोकाभोकाचं बनियान, आत उशी कोंबून काढलेलं पोट. गालात खर्रा. हातात बाटली.

"मी हमाल्या!" तो माइकवर ओरडला. लोक हसायला लागले. अजून त्यानं काही केलंही नव्हतं.

मग केलं. माझ्यात नाक शिंकरलं. खर्ऱ्याची पिचकारी माझ्यावर मारली. काखा खाजवल्या. लग्नपत्रिका उलटी धरून वाचली. लुगडं नेसलेला पोरगा त्याची बायको झाला होता, तिला लाथ घातली. ती पडली. लोक हसले. तिनं भात वाढला, यानं ताट फेकलं. लोक अजून हसले. "हमालाले काय पायजे? अद्धा, खर्रा अन् बायकोची पाठ!" टाळ्या. शिट्ट्या.

मी पेजेनं कडक केलेला दुपट्टा, मित्रांनो. त्या माउलीनं सकाळची पेज स्वतः न पिता माझ्यावर ओतली होती. आणि मी ओला होत होतो कशानं, तर थुंकीनं.

लच्छू समोरच बसला होता. बाजूला रामाजी, रुखमाबाई आणि बापासोबत घर पाहायला आलेली खुशबू. खरं सांगतो, सुरुवातीला लच्छूही हसला. सगळे हसले की माणूस हसतो. मग मागून कोणी तरी ओरडलं, "लच्छ्या, तुयीच नक्कल आहे बे! दुपट्टा बी तुयाच!"

सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. त्याचं हसू तोंडावरच राहिलं, काढून कुठं ठेवावं ते कळेना.

रामाजी हसत नव्हता. त्यानं ठिगळ ओळखलं होतं.

"दुपट्टा तुया का?"

"हो मामा."

"अन् तो तुलेच पाहून करून राह्यला?"

रामाजीनं मान फिरवली. त्या मानेत त्याची मोठी पोरगी होती, तिची पाठ होती. मला सगळं दिसत होतं तिथून.

लच्छू उठला आणि सरळ स्टेजकडं निघाला. मोबाइल वर झाले. "आला रे आला, अस्सल हमाल्या आला!" त्याच्या मुठी वळलेल्या. शंभर किलोचं पोतं उचलणारे हात ते. एक बसली असती तर प्रफुल ढोलकीवर जाऊन पडला असता. आणि मला तेच पाहिजे होतं. मार त्याले! दे ठेवून! मी त्याच्या गळ्यात होतो, मीच आवळला असता.

लच्छू त्याच्यासमोर उभा राहिला. "माया दुपट्टा दे."

प्रफुलनं माइक सोडला नाही. "घ्या बावा, घ्या! अंदरचा माल बी संगच घेऊन जा!" आणि मला त्याच्या तोंडावर फेकलं.

काय हसले लोक!

लच्छूनं मला तोंडावरून काढलं. त्याचा श्वास मला लागत होता, चुलीतल्या धगीसारखा. त्यानं मूठ उचलली नाही. मिलमध्ये बोलतो तसा तो मोठ्यानं बोलला, आणि माइक जवळ होता म्हणून पार जिलबीच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं.

"प्रफुल, नथ्थूकाका बी हमालच होते ना बे? माया संग मिलमंदी?"

प्रफुलनं खर्रा या गालातून त्या गालात सरकवला.

"ते कधी मारे का तुया मायले?"

नथ्थूकाका म्हणजे प्रफुलचा बाप. गुडघे गेले म्हणून घरी बसलेला. पोराची दंडार पाहायला पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसला होता.

"सांग ना. मारे का?"

"नाई," प्रफुल हळूच म्हणाला. तेही माइकवर आलं.

"मंग नक्कल कोनाची करून राह्यला?"

प्रफुलनं पोटातली उशी उगाच नीट केली. "पब्लिकले असंच पायजे गा. साधा हमाल कोन पाहते?"

नथ्थूकाका काठी धरून उठला. पोराकडं पाहिलंही नाही. एकेक पाय ओढत, दुकानांच्या मधून घराकडं निघून गेला. पब्लिकनं त्याला वाट करून दिली. तेवढा वेळ ढोलकी बंद होती.

मग पुन्हा वाजली.

लच्छू मला घेऊन घरी आला. मागून पाहुणे आले. रुखमाबाईनं सकाळपासून राबून वडे आणि कोंबड्याचा रस्सा केला होता. ताटं मांडली होती. रामाजी दारातच थांबला, चपला पायातच.

"येतो बाई. गाडी निघून जाईन."

"जेवून जा ना भाऊ."

"नाई, भूक नाई."

झालं. समजायचं ते सगळ्यांना समजलं. रुखमाबाई पदर तोंडाला लावून आत वळली. लच्छू आंगणात मला बादलीत बुडवून घासत बसला. घासतच बसला. मी फाटेन असं वाटलं मला.

खुशबू त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"एक विचारू? तुमी त्याले मारलं काऊन नाई?"

लच्छूनं वर पाहिलं नाही. "मारलं असतं तं त्याचं नाटक पूरं झालं असतं."

ती दाराकडं वळली. मग पायातली चप्पल दाराबाहेर काढली, आत गेली आणि मांडलेल्या ताटावर जाऊन बसली.

"खुशबू!" रामाजी म्हणाला. "गाडी..."

"मले भूक लागली, बाबा."

"पोरी, त्या स्टेजवर पाह्यलं ना तू?"

"पाह्यलं. तो प्रफुल होता. हे इथी कपडे धुऊन राह्यले." आणि आतल्या बाजूला वळून म्हणाली, "मामी, रस्सा वाढा."

रुखमाबाईनं इतक्या घाईनं वाढला की रस्सा ताटाबाहेर सांडला. खुशबूनं वडा मोडला, बुडवला, खाल्ला. रामाजी अजून दारातच होता. त्यानं आंगणात पाहिलं, लच्छूकडं. मग खाली वाकून चपलेचा पट्टा सोडला.

"मले तिखट कमी वाढजो, बाई," तो म्हणाला.

इथं गोष्ट गोड झाली, असं समजू नका. माझा राग गेलेला नाही. त्या दिवशीचा व्हिडिओ अजून फिरतो. लच्छू स्टेजवर चढतो तेवढाच तुकडा, खाली लिहिलंय, 'अस्सल हमाल्या भडकला.' तो काय बोलला ते कापून टाकलंय. खाली लोकांनी लिहिलंय, पिऊन आला वाटते. आणि हमाल्याच्या सोंगाला बाजूच्या गावांतून बोलावणं येतंच आहे. फक्त प्रफुल आता ते गावात करत नाही. नथ्थूकाका त्याच्याशी बोलत नाही म्हणतात. लच्छूच्या घरात त्या दिवशी ताटं भरली, कारण एका पोरीला भूक लागली. सगळ्याच हमालांच्या नशिबी अशी पोरगी नसते. किती दारांतून पाहुणे चपला न काढता परत गेले असतील, ते कोणी व्हिडिओत टाकत नाही.

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे, मित्रांनो. मला जपून ठेवा, धुवा, घडी करा, असलं काही मागत नाही मी. मी पोत्याखाली झिजायलाच आलोय आणि झिजेन. पण पुढच्या वेळी कोणी पोट फुगवून, बनियान घालून, गालात खर्रा कोंबून तुमच्यासमोर स्टेजवर नाही तर मोबाइलवर आला, आणि तुम्हाला हसू आलं, तर हसा बाप्पा, मी कोण अडवणारा? फक्त हसता हसता बाजूला एकदा पाहा. तुमच्याजवळ बसलेलं कोणी तरी हसता हसता मधेच थांबलेलं असेल.

त्याच्याकडं पाहा. स्टेजकडं मग पाहा.