चौदावा रकाना

पाणीखात्याच्या खिडकीत बसून मी अकरा वर्षं नळजोडणीचे अर्ज घेतले आणि या अकरा वर्षांत एकदाही खोटं बोललो नाही, याचं मला मोठं समाधान होतं. स्वतःची पाठ थोपटायला माणसाला काहीतरी लागतंच.

आमच्या अर्जात चौदावा रकाना होता, 'जुना जोडणी क्रमांक'. आता ज्याच्या घरात नळ कधी आलाच नाही, तो जुना क्रमांक कुठून आणणार? रकाना मोकळा सोडला की मी म्हणायचो, अर्ज अपूर्ण आहे. रेघ मारली की म्हणायचो, खाडाखोड चालत नाही. दोन्ही नियमाला धरून. तीन हेलपाटे झाले की माणूस शहाणा व्हायचा, चौथ्या खेपेला चहापाण्याचं पाकीट सरकवायचा आणि मी त्या रकान्यात दोन शब्द लिहायचो, 'लागू नाही'. शेजारच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांचा त्यात निम्मा वाटा. उरलेल्यातून घरी शिलाई मशीन आलं. बायकोला मी जादा कामाचे पैसे म्हणून सांगितलं होतं. खोटं बोललो नाही ते कचेरीपुरतं.

बायको शिक्षिका आहे. सुट्टीच्या दिवशी ती शाळेच्या एका खोलीत मोठ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवते. लहान मुलांच्या धड्यांना त्या बायका कंटाळल्या, तेव्हा तिने खरे कागद आणले. औषधाचं पाकीट झालं, बसचं वेळापत्रक झालं. मग एका संध्याकाळी जेवताना तिने माझ्या ताटाशेजारी नळाचा कोरा अर्ज ठेवला.

"अहो, तेरापर्यंत जमलं आम्हाला. चौदामध्ये काय लिहायचं असतं?"

चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, ते आम्ही बघून घेतो. ती म्हणाली, तुम्ही कशाला बघायचं, अर्ज तर त्यांचा आहे. तिच्या वर्गातल्या तिघीचौघींचे अर्ज याच रकान्यापायी परत आले होते, आणि खिडकीतला माणूस पैसे घेऊन काहीतरी लिहितो, असं त्या सांगत होत्या. कोणती खिडकी, ते तिने विचारलं नाही. आमच्या कचेरीला एकच खिडकी आहे.

मी खाली बघून दोन शब्द सांगितले.

ती भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी कधी हरत नाही. तिने कोपऱ्यातल्या मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे वर्गात तुम्ही येऊन सांगा," ती म्हणाली. "सगळं सांगा. तोवर माझ्याशी बोलू नका."

तीन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. सांगितलं तर नोकरीवर गदा, नाही सांगितलं तर बायकोच्या मनातून कायमचा उतरणार. मी घाबरट माणूस आहे, पण बायकोला जास्त घाबरतो.

वर्गात बाकं लहान आणि बायका मोठ्या. मी फळ्यावर खडूने 'लागू नाही' लिहिलं. ज्यांचा नळ नवा आहे त्यांनी हे लिहायचं, असं सांगितलं. हे मला अकरा वर्षं माहीत होतं आणि मी ते लिहायचे पैसे घेत होतो, हेही सांगितलं.

पहिल्या बाकावर एक आजी होती. नळ येईपर्यंत दोन गल्ल्या ओलांडून पाणी भरणारी, गुडघे गेलेली. गेल्या साली माझ्या खिडकीशी पाच वेळा आली होती आणि शेवटी पाकीट देऊन गेली होती. ती ओठ हलवत एकेक अक्षर जुळवत राहिली.

"एवढंच होतं होय?" ती म्हणाली. "मला वाटलं, काहीतरी अवघड असेल."

शिव्या दिल्या असत्या तर झेलल्या असत्या. मला रडू आलं. तोंड लपवायला मी फळ्याकडे वळलो आणि डस्टर उचललं.

"पुसू नका," आजी म्हणाली. "माझं उतरवून व्हायचंय."

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या साहेबांना लेखी दिलं. चौदाव्या रकान्याखाली 'जुना क्रमांक नसल्यास लागू नाही लिहावे' असं छापावं, अर्ज परत करायचा तर कारण सहीनिशी लिहून द्यावं, आणि भरलेल्या अर्जाचा नमुना खिडकीबाहेर लावावा. हे मला कसं सुचलं, तेही लिहिलं, भाऊसाहेबांच्या निम्म्या वाट्यासकट. भाऊसाहेब म्हणाले, कुंपणाने शेत खाल्लं आणि आता राखण करणार म्हणे. तेव्हापासून ते मला पाण्यात पाहतात. साहेबांनी नवा अर्ज छापून घेतला आणि आम्हा दोघांचीही दोन वर्षांची पगारवाढ थांबवली. मला खिडकीतून मात्र हलवलं नाही. वरची कमाई आटल्यावर तिथे बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं. मशीन आम्ही बायकोच्या वर्गाला देऊन टाकलं.

महिन्याभराने आजी शेजारणीचा अर्ज घेऊन आली. अक्षर वाकडं, पण चौदाही रकाने भरलेले. मी शिक्का मारून पोच दिली. तिचा हात पिशवीत गेला, तसा मी घाईने म्हणालो, "नको आजी, काही द्यायचं नाही."

"देत नाहीये," ती म्हणाली आणि चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "तुम्ही काय लिहिलंय ते बघते."

मागे रांग होती. आजीने पोच पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली, तारीख दोनदा वाचली, आणि तिचं वाचून होईपर्यंत मी थांबलो.