तराफ्यावरचा कामाचा माणूस

मित्रांनो, माझ्या पाठीवर आख्ख्या बसगाड्या चढल्या, तरी माझी पाठ मोडली नाही. मी टिकिना गावचा एक जुना लाकडी तराफा आहे. आमच्या बोलिव्हिया देशाला समुद्र नाही. इथे यायचे तर कोणी विमानाने येतो, कोणी समुद्रकाठच्या देशातून ट्रकने डोंगर चढत येतो. पेरूतल्या पुनोहून ला पाझला जाणारी बस मात्र आमच्या सरोवराच्या चिंचोळ्या पाण्यापाशी येऊन थांबते. तिथे पूल नाही. तिथे मी आहे.

आता रुपेर्ता मला चालवते; तिच्या सासऱ्याने मला इथेच काठावर बांधले. शेवटचा खिळा ठोकल्यावर त्याने माझ्यावर बिअर शिंपडली, कोकाची पाने वाहिली आणि धरणीमातेला विनवले, "आधी तू पी, मग आम्ही पितो. पण ह्याला सांभाळ गं बाई." तिने ऐकले असावे.

आमचा नियम साधा आहे. प्रवाशांनी खाली उतरायचे आणि लहान लाँचमधून पलीकडे जायचे. बस माझ्यावर येते, तिच्यात फक्त ड्रायव्हर असतो आणि माझ्या फळ्यांवर फक्त कामाची माणसे. काठावरचे नौसैनिक यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. होय, समुद्र नसला तरी आमच्याकडे नौसैनिक आहेत, आणि यात हसण्यासारखे काही नाही.

ड्रायव्हर पुष्कळ पाहिले. कोणी धाडकन चाके आदळायचा, कोणी शिव्या द्यायचा. मेलितोन वेगळा होता. झोपलेल्या बाळाशेजारून जावे तशी तो बस चढवायचा. पलीकडे पोचलो की खाली उतरून माझ्या फळीवर बुटाची टाच आपटायचा आणि म्हणायचा, "शाब्बास रे म्हाताऱ्या!" तेव्हा मी चांगला तरणाताठा होतो, पण मला ते आवडायचे.

पुढे तो निवृत्त झाला आणि बायकोच्या गावी, पुनोला राहिला. इकडे माझ्या फटी रुंदावल्या. रुंद नवे तराफे आले. माझा नंबर आला की ड्रायव्हर नाक मुरडू लागले. रुपेर्ता मात्र हटली नाही. फटी बुजवायची, तेलाच्या जुन्या डब्याने पाणी उपसायची आणि मला रांगेत उभे करायची.

गेल्या ऑगस्टात, वारा झोंबत असताना, माझ्यासमोर पुनोची बस येऊन थांबली. सगळे प्रवासी लाँचमध्ये जाऊन बसले. एक म्हातारा उतरेना. आवाज ऐकला आणि मला कळले, हा मेलितोन! बायको गेली होती, नजर अधू झाली होती, आणि तो कायमचा मुलीकडे ला पाझला निघाला होता.

"आजोबा, उतरा की आता," तरुण ड्रायव्हर वाल्दो वैतागला.

"ह्या पाण्यावर मी कधी लाँचमध्ये बसलोय का? विचार त्या तराफ्याला!"

"तेव्हा तुम्ही ड्रायव्हर होतात. आता तिकीट काढून आलाय."

हे त्याच्या फार जिव्हारी लागले. त्याने पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. नौसैनिक आला. तिकडून लाँचमधले लोक ओरडू लागले, "गारठलो आम्ही! म्हाताऱ्याला उचलून आणा!"

"उचलून नेलंत तर मी सामान झालो," मेलितोन म्हणाला. "आणि सामान बसमध्येच राहतं. मग राहू द्या मला इथंच."

"सामान एवढं बोलत नाही, आजोबा," नौसैनिक हसला, पण त्याने आपल्या दोन जवानांना मेलितोनला उचलायची खूणही केली. माझा जीव तुटत होता. मला हात असते तर मी त्यांना अडवले असते.

तेवढ्यात रुपेर्ता बसच्या दारात आली.

"ताता मेलितोन, हात चालतात का अजून?" तिने विचारले. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला ताता म्हणतात.

"डोळे गेलेत. हात आहेत."

"मग बसमधून उतरा आणि हा डबा घ्या. तराफ्यात पाणी येतंय आणि माझा माणूस आज आलेला नाही." मग ती नौसैनिकाकडे वळली. "हे प्रवासी नाहीत. माझ्याकडे कामाला आहेत."

"ह्या वयात?"

"तराफा तरी कुठं कालचा आहे?"

नौसैनिक बाजूला झाला. मेलितोनने दांडा सोडला आणि चाचपत खाली उतरला.

"लाड करणार नाही हं मी," रुपेर्ता म्हणाली. "पाणी राहिलं तर ओरडेन."

"ओरड ना! किती वर्षांत कोणी कामावरून ओरडलं नाही मला."

त्या दिवशी वारा बसवर आदळत होता आणि मी एका अंगाला कलत होतो. मेलितोन फटीपाशी गुडघे टेकून बसला. बोटांनी पाणी चाचपायचे, डबा भरायचा, बाहेर फेकायचा. रुपेर्ताने विचारले, "किती आहे?" तो ओरडला, "बोटभर! तू पुढं बघ!" मला दात नाहीत, पण दात-ओठ खाऊन म्हणतात तसा मी पुढे रेटत राहिलो. मला आज बुडायचे नव्हते.

काठ लागला तेव्हा माझा तळ कोरडा होता. मेलितोन उठला, टाच आपटून म्हणाला, "शाब्बास रे म्हाताऱ्या!"

कामगाराला जेवण द्यायची रीत आहे. रुपेर्ताने त्याच्या हातात तळलेले मासे आणि उकडलेले बटाटे ठेवले. वाल्दो हॉर्न वाजवू लागला, प्रवासी कुरकुरले. मेलितोन तोंडातला घास न गिळताच म्हणाला, "थांबा जरा. कामावरचा माणूस जेवतोय."

आणि बस थांबली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे सगळेच सांगतात. पण जपायचे म्हणून काठावर ओढून ठेवलेला तराफा उन्हात वाळतो आणि त्याच्या फळ्या तडकतात. पाण्यात असला की त्याच फळ्या फुगून घट्ट बसतात. तेव्हा माझ्या फटी बुजवा, पाणी उपसा, आणि माझा नंबर आला की मला हाक मारा.