ज्याची त्याची जागा

"उठा ना जरा, मिसळून बसा," रोतिया तिसऱ्यांदा म्हणाली. मनेआबात कुणी हललं नाही.

हलणार कसं? गावच्या त्या सभाघरात प्रत्येक घराण्याची चटई पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. रोतियाला हे काय ठाऊक नव्हतं? पण राजधानीतल्या शिबिरात तिला शिकवलं होतं, की माणसं मिसळून बसवा, सगळ्यांना बोलतं करा, मग बदल कुणा एकाचा राहत नाही. दवाखान्यात मदतनीस असलेली रोतिया ते मंत्रासारखं घोकत बेटावर परतली होती. इथे समुद्र आत शिरून विहिरी खारट झालेल्या, माड वठलेले. गोडं पाणी उरलं होतं ते एकट्या म्हाताऱ्या इओतेबाच्या विहिरीत. ते सगळ्यांनी पाळीनं, बेतानं वापरायचं, एवढंच आज ठरायला हवं होतं. रोतियाचा नातू घरी जुलाबांनी सुकून गेला होता.

"शिबिरात संगीतखुर्चीपण शिकवली काय गं?" तेकाई म्हणाला. सगळे हसले.

रोतियाचा धीर सुटला. चुलीत गेलं ते शिबिर! तिनं आपल्या घरच्या विहिरीचं आणलेलं पाणी करवंटीत ओतलं, इओतेबापुढे ठेवलं आणि बापाच्या घराण्याच्या चटईवर जाऊन बसली. बाप गेला, भाऊ समुद्रावरून परतलेच नाहीत. तिथे आता ती एकटीच.

पुढे केलेलं नाकारायची रीत नव्हती. इओतेबा प्यायला. तोंड वाकडं झालं, पण थुंकला नाही.

"हेच पाजतेस पोराला?"

"हेच."

"मग माझ्याकडे मागायचंस की! आपल्यात मागणाऱ्याला कुणी नाही म्हणतं का?"

"म्हणूनच नाही मागितलं, आजोबा. माझ्यामागून सगळं गाव आलं असतं. तुम्ही कुणालाच नाही म्हटलं नसतं, अन् उपसून उपसून तीही विहीर खारट झाली असती. म्हटलं, सगळ्यांनी बसून ठरवू."

म्हाताऱ्यानं करवंटी शेजारच्या चटईकडे दिली. तिथून ती पुढे गेली. तेकाईनंही घोट घेतला, त्याला विनोद सुचला नाही.

"घरटी एक बादली," कुणीतरी म्हणालं.

"आधी लेकुरवाळ्यांना," मागून एक बाई बोलली.

ज्याच्या त्याच्या जागेवरूनच माणसं बोलायला लागली होती. रोतियाच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात तिची लेक मारेता, नातवाची आई, छपराखालून वाकून आत आली.

"आई, घरी चल."

"अगं, पाणी मिळतंय! पळ, बादली घेऊन ये."

"त्याला आता नको पाणी," मारेता म्हणाली.

रोतियानं उठायला जमिनीवर हात टेकले, पण ती तशीच बसून राहिली.

इओतेबा आपल्या चटईवरून उठला. वाकत वाकत सगळ्यांसमोरून चालत आला आणि तिच्या शेजारी, तिच्या बापाच्या जागेवर बसला.